हाडांच्या पेटीचं माप

जेरुसलेमच्या आसपास खडकात कोरलेली जुनी थडगी आहेत. त्यांतून दगडी पेट्या निघतात, चुनखडीच्या मऊ, पांढरट दगडातून कोरलेल्या. लांबी साधारण ५० ते ७५ सेंटिमीटर, रुंदी आणि उंची तीस-पस्तीस. फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या लहान मुलांच्या शवपेट्या वाटतात. पण त्या मोठ्या माणसांसाठीही आहेत, कारण आत शव नाहीच, सुटी हाडं आहेत. माणसाचं सर्वांत लांब हाड मांडीचं. प्रौढ पुरुषात ते ४५ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. ते आडवं बसलं की बाकीची दोनशे पाच हाडं कडेकडेने मावतात. रुंदी आणि उंची ठरते ती कवटी आणि कमरेच्या हाडांवरून. मुलासाठी केलेली पेटी त्याच हिशोबाने लहान.

अशा पेटीला इंग्रजीत ऑस्युअरी म्हणतात आणि डॅनिशमध्ये ओस्सुआरियम. मराठीत रुळलेला शब्द नाही, तेव्हा इथे अस्थिपेटी म्हणू. ती शवपेटी नव्हे, कारण शवपेटीत अख्खा देह जातो. अस्थिकलशही नव्हे, कलशात जळून उरलेले तुकडे आणि राख असते. अस्थिपेटीत जातात ती न जळलेली, कोरडी हाडं. म्हणजेच पेटी भरायच्या आधी कुणीतरी मांस जायची वाट पाहिलेली असते. देह आधी जमिनीत पुरलेला असतो, गुहेत निजवलेला असतो किंवा उघड्यावर ठेवलेला असतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी घरचे परत येतात, हाडं वेचतात आणि दुसरीकडे नेऊन ठेवतात. अभ्यासक याला दुय्यम दफन म्हणतात.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण दोन टप्प्यांची ही रीत आपल्याकडेही आहेच की. दहनानंतर तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात, अस्थी वेचून मडक्यात घालतात, मग नाशिकला रामकुंडात किंवा जवळच्या नदीत सोडतात. मातीला ज्या कामाला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं ते आग काही तासांत उरकते. खरा फरक दुसऱ्या टप्प्यात आहे. आपण अस्थी सोडून देतो, ठेवत नाही. म्हणून आपलं काम मडक्यावर भागतं. ज्यांना हाडं ठेवायची असतात त्यांना पेटी लागते, आणि पेटी आली की तिच्यावर नाव घालायचं की नाही हा प्रश्नही येतो. या विषयातली खरी गंमत मला त्या प्रश्नात दिसते.

त्याआधी थोडं हाडाविषयी. हाड मांसापेक्षा इतकं जास्त का टिकतं? हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा. उरलेला बहुतेक भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा. आरसीसीमध्ये सळ्या ताण घेतात आणि काँक्रीट दाब घेतं, तशी ही जोडी आहे: तंतू लवचिकपणा देतात, खनिज कडकपणा. जिवाणूंना मांस सहज खाता येतं. पण स्फटिकांच्या आत गुंतलेल्या कोलॅजनपर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागतो. शिवाय खनिज हा काही त्यांचा खुराक नव्हे.

खनिजाचा खरा शत्रू आम्ल. त्यामुळे हाड किती टिकणार हे माणसापेक्षा मातीवर जास्त ठरतं. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, वर धो धो पाऊस. तिथे पुरलेलं हाड फार काळ तग धरत नाही. देशावरची काळी माती चुना बाळगून असते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली सांगाडे चांगल्या अवस्थेत मिळाले. लहान मुलं तिथे दोन मडक्यांत पुरलेली आहेत, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. काही जण त्यांना अस्थिपेट्यांच्या रांगेत बसवतात, ते बरोबर नाही. त्या मडक्यांत मूल एकदाच गेलं, नंतर कुणी हाडं हलवली नाहीत. ते पहिलंच दफन होतं.

आम्लाचा परिणाम किती टोकाचा असू शकतो, हे डेन्मार्कमध्ये एगटव्हेड इथे दिसतं. १९२१ साली तिथल्या एका टेकाडात ओकच्या खोडातून कोरलेली शवपेटी सापडली. आत इ.स.पू. १३७० च्या सुमाराची सोळा ते अठरा वर्षांची मुलगी होती. तिचे केस टिकले, नखं टिकली, दात टिकले, लोकरीचे कपडे आणि पट्ट्यावरची काशाची चकती टिकली. हाडं मात्र गेली, पेटीतल्या आम्लाने खाऊन टाकली. आणि त्याच पेटीत, तिच्या पायाशी, एका गाठोड्यात पाच-सहा वर्षांच्या मुलाची जळालेली हाडं होती. ती शाबूत! भाजल्यावर हाडातलं कोलॅजन जळून जातं, खनिजाचे स्फटिक मोठे आणि घट्ट होतात, आणि अशा स्फटिकांना आम्ल सहजी विरघळवू शकत नाही. एकाच खोडात, एकाच पाण्यात, न जळलेली हाडं गेली आणि जळलेली राहिली.

आता पुन्हा जेरुसलेमला. दगडी पेट्यांची ही रीत तिथे फार जुनी नाही आणि फार काळ चाललीही नाही. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस ती सुरू झाली आणि इ.स. ७० मध्ये रोमनांनी शहर व मंदिर उद्ध्वस्त केल्यावर जवळजवळ संपली. जेमतेम शंभर वर्षं. थडगं म्हणजे खडकात कोरलेली एक खोली, तिच्या भिंतीत आत खोल गेलेले अरुंद कोनाडे. आत शिरायला लहानसं दार, त्यावर बसवायचा दगड. देह कापडात गुंडाळून कोनाड्यात सरकवायचा आणि दगड लावून निघून जायचं. साधारण वर्षभराने मुलगा परत यायचा. हाडं वेचायची, पेटीत ठेवायची, पेटी त्याच थडग्यात कुठेतरी लावून द्यायची. कोनाडा पुढच्या माणसाला मोकळा.

या कामाचे नियम मिश्नामध्ये, म्हणजे इ.स. २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या यहुदी धर्मनियमांत, सापडतात. सणाच्या मधल्या दिवसांत आईवडिलांची हाडं वेचावीत का, असा तिथे प्रश्न आहे. रब्बी मेइर म्हणतात, वेचावीत, कारण मुलाला तो आनंदच आहे. रब्बी योसे म्हणतात, छे, त्याच्यासाठी तो शोकाचा दिवस आहे. दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं आहे. मला रब्बी मेइर जास्त पटतात. आईबापांचं एक काम मार्गी लागलं, याचं समाधान घरात मरण पाहिलेल्या कुणालाही कळेल.

पेट्यांवरची नक्षी बहुतेक वेळा ठरावीक असते: कर्कटकाने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं, त्यांच्याभोवती चौकट. कर्कटकाचं टोक जिथे रोवलं ते भोकही दिसतं. नक्षी कारागिराची, नीटनेटकी. नावं मात्र बघण्यासारखी असतात. ती बहुधा घरच्यांनी, थडग्याच्या आतच, खिळ्याने खरडलेली किंवा कोळशाने लिहिलेली, वेडीवाकडी, ओळ सोडून खाली घसरणारी. जगाला दाखवायला ती लिहिलेली नाहीत. पुढच्या वेळी दिव्याच्या उजेडात कुठली पेटी कुणाची हे कळावं, एवढाच त्यांचा उपयोग. बऱ्याच पेट्यांवर नावच नाही.

१९९० मध्ये शहराच्या दक्षिणेला एका उद्यानात बांधकाम चालू असताना असंच एक थडगं उघडं पडलं. आत बारा पेट्या होत्या. त्यांतल्या सर्वांत देखण्या पेटीवर 'यहोसेफ बर कयाफा' असं खरडलेलं होतं. येशूवर खटला चालवणारा प्रमुख पुरोहित कयाफा, त्याचंच हे नाव असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आत सहा जणांची हाडं निघाली: दोन तान्ही मुलं, एक लहान मूल, एक किशोर, एक बाई आणि साठीच्या आसपासचा एक पुरुष. पेटीवर नाव एकाचं आणि आत अख्खं कुटुंब.

या पेटीने एका जुन्या समजुतीला धक्का दिला. मेलेली माणसं एक दिवस सदेह उठतील, तेव्हा प्रत्येकाची हाडं वेगळी असलेली बरी, म्हणून यहुद्यांनी पेट्या आणल्या, असं सांगितलं जायचं. पण प्रमुख पुरोहितांचा वर्ग यहुद्यांतल्या सदूकी पंथाचा, आणि सदूकी पुनरुत्थान मानतच नव्हते. शिवाय पुनरुत्थानासाठी हाडं वेगळी ठेवायची तर एका पेटीत सहा जण कशाला? जागेची टंचाई हे कारणही पुरेसं नाही. त्याआधीच्या काळात याच लोकांचे पूर्वज जुनी हाडं थडग्याच्या एका खड्ड्यात ढकलून देत. जागा त्यानेही वाचतच होती, तीही फुकट. माझ्या मते सर्वांत पटणारं कारण बाजाराचं आहे. हेरोद राजाने मंदिराचं प्रचंड बांधकाम काढलं, खाणी सुरू झाल्या, पाथरवटांची फौज शहरात आली, पैसा आला. दगडी भांडी, दगडी मेजं आणि दगडी पेट्या यांचा एक धंदाच उभा राहिला. बापाचं नाव असलेली पेटी परवडू लागली, म्हणून लोकांनी ती घेतली. बांधकाम, शहर आणि पाथरवट गेले तेव्हा पेट्याही गेल्या.

दुसरी एक पेटी १९६८ मध्ये शहराच्या उत्तरेला मिळाली. नाव यहोहानन. त्याच्या टाचेच्या हाडात साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता, टोकाला वाकलेला. क्रुसावर खिळताना खिळ्याचं टोक वाकलं असावं, त्यामुळे नंतर तो उपसता आला नाही आणि हाडाबरोबर पेटीत गेला. रोमनांनी हजारोंना क्रुसावर चढवलं. पण त्याचा हाडांत उरलेला पुरावा जगात अगदी मोजक्या ठिकाणी मिळाला आहे. हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. घरच्यांनी हाडं वेचून पेटीत ठेवली नसती तर तो मिळालाच नसता.

याउलट २००२ मध्ये गाजलेली पेटी. तिच्यावर 'याकोब, योसेफचा मुलगा, येशूचा भाऊ' असं कोरलेलं होतं. ती उत्खननातून आलेली नव्हती, एका संग्राहकाकडे होती. इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याच्या समितीने २००३ मध्ये कोरीव लेख बनावट ठरवला. पुढे खटला चालला आणि २०१२ मध्ये संग्राहक बनावटगिरीच्या आरोपातून सुटला. लेख खरा आहे असं मात्र न्यायालयानेही म्हटलं नाही. पेटी कुठल्या थडग्यातली, शेजारी कुठल्या पेट्या होत्या, आत कुणाची हाडं होती, यातलं काहीच माहीत नसलं की दगड आणि अक्षरं एवढंच हातात राहतं.

मध्य आशियात, आजच्या उझबेकिस्तानात, समरकंदच्या आसपास मातीच्या अस्थिपेट्या मिळतात. सोग्दियाना नावाच्या या मुलखात इ.स.च्या पाचव्या ते आठव्या शतकात जरथुष्ट्री धर्माची एक स्थानिक शाखा होती. मृतदेहाने माती, पाणी आणि अग्नी विटाळू नयेत हा त्यांचा मूळ नियम. तेव्हा पुरणंही नाही, जाळणंही नाही. देह उघड्यावर ठेवायचा, पक्षी-प्राणी मांस नेतील, मग उरलेली हाडं गोळा करायची. ती कुठे ठेवायची हे वेंदिदाद या धर्मग्रंथात स्पष्ट आहे: कुत्रा, कोल्हा, लांडगा पोचणार नाहीत आणि पावसाचं पाणी पडणार नाही अशा जागी. ऐपत असेल तर दगड, चुना किंवा मातीच्या बांधकामात. ऐपत नसेल तर सरळ जमिनीवर, सूर्याच्या नजरेसमोर. गरिबाला सूट देणारा हा नियम मला फार माणुसकीचा वाटतो.

सोग्दी कुंभारांनी या नियमावर कला केली. पेटीच्या बाजूंवर कमानी, कमानींत उभ्या देवता, वर पिरॅमिडसारखं झाकण. मुल्लाकुर्गान इथे सापडलेल्या पेटीवर अग्निवेदीच्या दोन्ही बाजूंना दोन पुरोहित आहेत, तोंडाला फडकं बांधलेले. श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून बांधायचं हे फडकं मुंबईतल्या अग्यारीत आजही मोबेदांच्या, म्हणजे पारशी पुरोहितांच्या, तोंडावर असतं. पारशी त्याला पदान म्हणतात.

मुंबईच्या पारशांनी पेटी मात्र ठेवली नाही. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत दख्मे आहेत, म्हणजे देह उघड्यावर ठेवायच्या गोल वास्तू. दख्म्याच्या गोल जोत्यावर तीन वर्तुळं असतात, बाहेरचं पुरुषांसाठी, मधलं बायकांसाठी, आतलं मुलांसाठी. मधोमध एक खोल विहीर. तिला भंडार म्हणतात. उन्हात वाळलेली हाडं शेवटी या भंडारात जातात आणि तिथे त्यांची माती होते. पावसाचं पाणी चार पाटांतून भूमिगत विहिरींकडे जातं, वाटेत कोळसा आणि वालुकाश्माचे थर असतात. गरीब-श्रीमंत, शेठ-नोकर सगळ्यांची हाडं एकाच भंडारात, नाव कुणाचंच नाही. ही व्यवस्था चालायला गिधाडं हवीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने ती मारली, २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, तोवर फार उशीर झाला होता. सूर्यकिरण एकवटणारे आरसे लावून काम चालवायचा प्रयत्न झाला. बऱ्याच कुटुंबांनी विद्युतदाहिनीचा मार्ग धरला.

युरोपातल्या ख्रिस्ती लोकांची अडचण वेगळी होती. प्रत्येकाला चर्चच्या आवारात, शक्य तितकं वेदीजवळ पुरून घ्यायचं होतं, आणि आवार तेवढंच. त्यामुळे नवा खड्डा खणताना जुनी हाडं वर यायची. ती टाकून देणं पाप, म्हणून आवारातच एक हाडघर बांधायचं. पॅरिसच्या मध्यभागी होली इनोसंट्स नावाची दफनभूमी होती. शेकडो वर्षं अख्ख्या शहराचे मृत तिथे येत होते, खड्डे भरत होते, भोवतीच्या कमानींच्या माळ्यांवर हाडांच्या राशी लागत होत्या. १७८० मध्ये शेजारच्या एका घराच्या तळघराची भिंत दफनभूमीच्या भाराने कोसळली. मग ती बंद झाली.

तिथे एक अनपेक्षित गोष्ट दिसली. खोल सामुदायिक खड्ड्यांतले बरेच देह हाडांपर्यंत आलेच नव्हते; त्यांची पांढरट, साबणासारखी मेणचट वस्तू झाली होती. ओलसर आणि हवा नसलेल्या जागी शरीरातल्या चरबीचं असं रूपांतर होतं. फुर्क्रुआ या रसायनशास्त्रज्ञाने तिथेच त्याचा अभ्यास केला. मांस आपोआप जातं आणि हाडं उरतात हे सूत्र गर्दीत चालत नाही. त्याला हवा आणि निचरा लागतो.

डिसेंबर १७८५ पासून हाडं हलवायला सुरुवात झाली. रात्रीच्या वेळी काळं कापड टाकलेल्या गाड्या निघायच्या, बरोबर मंत्र म्हणणारे पाद्री, आणि शहराखालच्या चुनखडीच्या जुन्या खाणींत जमिनीखाली सुमारे वीस मीटरवर हाडं ओतली जायची. पुढे इतर दफनभूमीही रिकाम्या झाल्या. एकूण साठ लाख माणसं असावीत असा अंदाज दिला जातो. आज पर्यटक जे बघतात, मांड्यांच्या हाडांच्या चळती आणि त्यांत ओळीने बसवलेल्या कवट्या, ती रचना १८१० च्या सुमाराला खाणींचा निरीक्षक एरिकार द थ्युरी याने करून घेतली. जरा जवळून पाहिलं की लक्षात येतं की ही नुसती दर्शनी भिंत आहे. तिच्यामागे बरगड्या, मणके, हातापायांची बोटं यांचा ढीग आहे. लांब हाडाची भिंत रचता येते, गोल कवटीची नक्षी होते. मणक्याचं काहीच होत नाही. कोण कुठल्या दफनभूमीतून आलं याच्या पाट्या आहेत. माणसाचं नाव नाही.

ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या गावाने मात्र नाव सोडलं नाही. एका बाजूला तळं, एका बाजूला कडा, दफनभूमी चिमूटभर. दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडायची, कवटी बाहेर काढून हवेत पांढरी होऊ द्यायची आणि मग तिच्यावर रंगवायचं: कपाळावर नाव, मृत्यूचं साल, भोवती पानांची माळ, बाईसाठी बहुधा फुलं. हाडघरात सुमारे बाराशे कवट्या आहेत, त्यांतल्या सहाशेहून अधिक रंगवलेल्या, घराण्यांनुसार लावलेल्या. शेवटची १९९५ मध्ये आली. ती १९८३ मध्ये वारलेल्या एका बाईची, तिच्याच इच्छेनुसार. तिचा सोन्याचा दात जागेवर आहे.

डेन्मार्कमध्ये हाडं ठेवायची सर्वांत ठळक पेटी एका राजाची आहे. चौथा क्नूद हा राजा १० जुलै १०८६ रोजी ओडेन्स शहरात चर्चमध्ये मारला गेला. कर आणि सक्तीला वैतागलेल्या लोकांनीच त्याला मारलं, आणि काही वर्षांतच तो संत ठरला. हाडं उकरून वर आणली, रेशमात गुंडाळली, सजवलेल्या लाकडी पेटीत ठेवली. सोळाव्या शतकात देश प्रॉटेस्टंट झाला. संतांच्या अस्थींपुढे गुडघे टेकणं बंद झालं, पेट्या दृष्टीआड गेल्या. १५८२ मध्ये त्या पुन्हा सापडल्या. आज ओडेन्सच्या कॅथेड्रलच्या तळघरात काचेआड राजाचा सांगाडा पाहता येतो.

सामान्य डॅनिश माणसाला आज कबरीची जागा कायमची मिळत नाही. ती मुदतीने मिळते: शवपेटीसाठी साधारणपणे वीस वर्षं, अस्थिकलशासाठी दहा. नातेवाइकांनी पैसे भरले तर मुदत वाढते, नाहीतर जागा दुसऱ्याला. पाचांपैकी चारहून जास्त जणांचं दहनच होतं, त्यामुळे हाडघरांची गरज उरलेली नाही. हाडांच्या पेट्या तिथे आता विद्यापीठांत आहेत. रस्ते आणि इमारतींच्या पायासाठी खणताना निघालेले मध्ययुगीन सांगाडे ओडेन्स आणि कोपनहेगनला पुठ्ठ्याच्या खोक्यांत, हजारोंच्या संख्येने, मांडणीवर लावलेले आहेत. खोक्यावर स्थळाचं नाव आणि सांगाड्याचा क्रमांक.

या साठ्यातून काय निघतं याचं उदाहरण कुष्ठरोगाचं आहे. विल्हेल्म मोलर-क्रिस्टेन्सन हे डॅनिश डॉक्टर. नेस्टव्हेड गावाजवळ मध्ययुगात कुष्ठरोग्यांचं एक रुग्णालय होतं. त्याची दफनभूमी त्यांनी १९४८ पासून खणली. ओळीने सांगाडे तपासताना त्यांना त्याच खुणा पुन्हा पुन्हा दिसल्या. नाकाच्या भोकाखाली हाडाचं जे छोटं टोक असतं ते झिजून नाहीसं झालेलं, वरच्या पुढच्या दातांचं हाड मागे सरलेलं, हातापायांच्या बोटांची हाडं टोकाकडे निमुळती झालेली. कुष्ठरोग हाडावरून ओळखायचे हे निकष त्यांनी पक्के केले, आणि जगभरच्या अभ्यासकांनी उचलले. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा सांगाडा निघाला होता. त्याच्या नाकाच्या आणि टाळूच्या हाडांवर अशाच खुणा दिसल्या. २००९ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा कुष्ठरोगाचा तो जगातला सर्वांत जुना सांगाड्यातला पुरावा ठरला.

नाव लावायची इच्छा होती पण लावता आलं नाही, असं हाडघर फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळ दुओमाँ इथे आहे. १९१६ मध्ये दहा महिने तिथे तोफा चालल्या. पुरलेले पुन्हा उडाले, पुन्हा पुरले गेले, पुन्हा उडाले. युद्धानंतर शेतांतून हाडं गोळा झाली ती फ्रेंच की जर्मन हेही सांगता येईना. सुमारे १ लाख ३० हजार अनोळखी सैनिकांची हाडं तिथे एकत्र आहेत, रणभूमीच्या कुठल्या भागातून आली त्यानुसार कप्प्यांत विभागलेली. १९३२ मध्ये इमारतीचं उद्‌घाटन झालं. मागच्या बाजूला जमिनीलगत छोट्या खिडक्या आहेत, वाकून पाहिलं की आतली हाडं दिसतात. समोरच्या उतारावर ओळख पटलेल्यांच्या सोळा हजारांहून अधिक कबरी.

आता गोवा. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. परंपरेने चालत आलेली हकीकत अशी: शवपेटीत भरपूर चुना घातला, म्हणजे मांस लवकर जाईल आणि हाडं मलाक्काला नेता येतील. काही महिन्यांनी उघडली तर देह जसाच्या तसा. भाविकांनी याला चमत्कार मानलं. चुन्याने मांस झपाट्याने विरघळतं हा समज आजही रहस्यकथांमध्ये भेटतो. डुकरांची शवं चुन्यात पुरून केलेल्या प्रयोगांत मात्र चुन्याने कुजण्याची गती कमी झालेली दिसली आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात चांदीच्या पेटीत हे अवशेष आहेत. ती पेटी सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवली.

गोव्यातल्या आणि मुंबईतल्या कॅथलिक दफनभूमींमध्ये दुय्यम दफन आजही चालू आहे. कबर ठरावीक काळाने पुन्हा वापरली जाते. उघडल्यावर हाडं सामायिक विहिरीत जातात, किंवा घरच्यांनी घेतला असेल तर भिंतीतल्या कोनाड्यात. कोनाड्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर घराण्यातल्या तीन-चार जणांची नावं. मुंबईत जागा इतकी महाग की असा कोनाडाही सहजासहजी मिळत नाही.

आणि जुन्या गोव्यातच, सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या आवारात, एका हरवलेल्या दगडी पेटीचा शोध बरीच वर्षं चालला होता. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने तिला १६२४ मध्ये शिराझमध्ये ठार मारण्यात आलं. तिथल्या ऑगस्टिनी पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आणला. पोर्तुगीज कागदपत्रांत जागा नोंदलेली होती: मठाच्या सभागृहातल्या दुसऱ्या खिडकीशी, दगडी पेटीत. पण चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, भिंती पडल्या, कुठली खिडकी कुठे हेच कळेना. २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला ढिगाऱ्यात एक हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्याचा डीएनए तपासला. आईकडून येणाऱ्या डीएनएचा जो प्रकार त्यात निघाला तो भारतातल्या हजारो नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियातल्या नमुन्यांत आढळला. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये अवशेष काही महिन्यांसाठी जॉर्जियाला दर्शनासाठी गेले, आणि जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला जाऊन त्यांतला एक भाग त्या देशाच्या स्वाधीन केला.